सोया मेणबत्ती आणि वातीचा आकडा

दिवाळीला भावंडांच्या घरी देण्यासाठी सुगंधी सोया मेणबत्त्या स्वतः करायच्या, असे मी गणपती विसर्जनानंतर ठरवले. माझे माहेर लातूरचे, त्यामुळे सोयाबीन मी शेतात आणि अडतीत लहानपणापासून पाहिलेले आहे. त्याच सोयाबीनच्या तेलावर वनस्पती तुपासारखीच हायड्रोजनची प्रक्रिया केली की हे मऊ, पांढरे मेण तयार होते, हे समजल्यावर तर या कामाविषयी आपलेपणाच वाटू लागला.

मेण वितळवण्यात काही अवघड नव्हते. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून 500 ग्रॅम मेण वितळवले, ते 85 अंश सेल्सिअसला आल्यावर मोगऱ्याचे 40 ग्रॅम सुगंधी तेल घालून दोन मिनिटे सावकाश ढवळले आणि 60 अंशांपर्यंत उतरू देऊन ग्लासांत ओतले. सोया मेणात सुगंध मुरायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून झाकणे लावून ग्लास कपाटात ठेवले.

सर्वपित्री अमावस्येच्या संध्याकाळी पहिली मेणबत्ती लावली. तीन तास झाले तरी मेण फक्त वातीभोवती वितळले होते. मधोमध रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी विहीर झाली होती, तिच्या कडा पांढऱ्याशुभ्र आणि टणक होत्या, आणि तळाशी साचलेल्या मेणात ज्योत गुदमरत होती. खोलीत मोगऱ्याचा मागमूस नव्हता. वितळलेल्या मेणाचा पृष्ठभाग मोठा असला तरच सुगंध खोलीभर पसरतो, त्यामुळे बाटलीतले महागडे तेल मेणात अडकून पडले होते. उरलेल्या पाचही ग्लासांची तीच गत झाली.

दोष वातीचा होता, आणि त्याचा राग मला आजही येतो. वाती घेताना मी दुकानदाराला ग्लासाचे माप सांगितले होते. आतला व्यास 7 सेंटिमीटर. “ताई, मध्यम घ्या, सगळ्या ग्लासांना चालते,” असे त्यांनी ठामपणे सांगितले. पाकिटावर जाडीचा क्रमांक नाही, किती व्यासासाठी आहे याचा उल्लेख नाही, केवळ ‘मध्यम’ एवढा शब्द. पुन्हा फोन केल्यावर मेणच खराब असेल, असे उत्तर मिळाले. ज्या वस्तूवर मेणबत्तीचे सगळे जळणे अवलंबून आहे, तिच्यावर एक आकडा छापायला किती खर्च येतो? साडीला फॉल लावायचा दोरा घेतानासुद्धा आपण रंग जुळवून घेतो.

क्रमांक छापलेल्या तीन जाडीच्या वाती दुसरीकडून मागवल्या, त्या यायला चार दिवस गेले. चौथ्या माळेला तेच मेण, तोच ग्लास आणि तोच मोगरा घेऊन तीन मेणबत्त्या ओतल्या, फक्त वात प्रत्येकीत वेगळी ठेवली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर चूक कशात आहे ते कळत नाही. त्यानंतर पुन्हा दोन आठवडे थांबणे आले. नवरात्र संपले, दसरा झाला, कोजागरीचे दूध पिऊन झाले, आणि मी रोज कपाट उघडून त्या ग्लासांकडे बघत होते.

निकाल मात्र स्पष्ट लागला. बारीक वातीने पुन्हा विहीर केली. सर्वांत जाड वातीची ज्योत उंच उठून फडफडली, तिच्या टोकाला काजळीचे बोंड आले, काचेवर काळा पट्टा उमटला आणि ग्लास हातात धरवेना. मधल्या वातीने तीन तासांत काठापर्यंत सुमारे एक सेंटिमीटर खोल मेण वितळवले आणि मोगरा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. तो वास आल्यावर मी खरोखर खुर्चीत टेकून बसले.

याच वातीने चंदनाचीही मेणबत्ती करावी, असे बहिणीने सुचवले; मी नकार दिला. जड सुगंधी तेलांना पुष्कळदा जाड वात लागते, म्हणजे नवी चाचणी आणि नवे दोन आठवडे, आणि लक्ष्मीपूजनाला उरले होते अकरा दिवस. बारा मेणबत्त्या मोगऱ्याच्याच ओतल्या. त्यांना मुरायला पूर्ण दोन आठवडे मिळाले नाहीत, म्हणून भाऊबीजेनंतरच लावा, असे प्रत्येकाला देताना सांगितले.

वरच्या थरावर पांढरी बर्फासारखी नक्षी उमटली तर घाबरू नये. तो सोया मेणाचा गुणच आहे, जळण्यात त्याने फरक पडत नाही. पहिल्यांदा लावताना मात्र मेण काठापर्यंत वितळेपर्यंत ज्योत विझवू नये, आणि प्रत्येक वेळी वात कापून पाच-सहा मिलिमीटरच ठेवावी. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती: मेण तापत असताना शेगडीपासून हलू नये, आणि कधी पेटलेच तर त्यावर पाणी न टाकता झाकण ठेवून गॅस बंद करावा. आता माझ्या प्रत्येक ग्लासाच्या बुडाशी चिठ्ठी असते. तिच्यावर ग्लासाचा व्यास, वातीचा क्रमांक आणि ओतल्याची तारीख लिहिलेली असते.