पहिल्या बँडपासून शेवटच्या वायरीपर्यंत

त्या रात्री सभागृहात आम्ही अकरा जण होतो. गायिकेने मंचावर येताच समोर नजर फिरवली, ती मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्यापर्यंत येऊन थांबली, आणि तिने मनातल्या मनात माणसे मोजली हे मला लगेच कळले, कारण मीही ती नुकतीच मोजली होती. दीडशे माणसे सहज मावतील अशी ती खोली होती. चार गाणी म्हणून आवरते घेण्याचा मोह कोणालाही झाला असता. त्या बँडने मात्र ठरलेली सगळी गाणी म्हटली. चौथ्या गाण्याच्या मध्यावर गिटारची तार तुटली. जोडीला दुसरी गिटार नव्हती. वाजवणारा मुलगा मंचाच्या कडेला गुडघे टेकून नवी तार चढवू लागला. नवी तार लगेच सुरात थांबत नाही. ती ताणावी लागते, पुन्हा लावावी लागते, पुन्हा ताणावी लागते, आणि तेवढा वेळ मंच मुका राहिला तर रंगात आलेली मैफल हातची जाते. ड्रमरने काठ्या खाली ठेवून ब्रश उचलले, बेसवरच्या मुलीने चार स्वरांचे एक आवर्तन धरले आणि गायिका त्यावर शब्दांविना गुणगुणू लागली. इतका वेळ खोलीभर विखुरलेले आम्ही अकराही जण, कोणी काही न बोलता, मंचाजवळ सरकलो. तार लागली तेव्हा गिटार त्या आवर्तनात अलगद शिरली, आणि अर्ध्यावर राहिलेले गाणे भलत्याच वळणाने पुढे सुरू झाले.

गेली बारा वर्षे मी इंडी, म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या बँडच्या कार्यक्रमांना जाते आहे, आणि या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे. ज्या संगीतामागे मोठी कंपनी, जाहिरात किंवा भांडवल नाही, त्याला उभे राहण्यासाठी सर्वांत आधी जवळपास राहणारा, पुन्हा पुन्हा येणारा श्रोता लागतो. एकदा गाजलेले नाव ऐकून आलेली हजारांची गर्दी पुढची गोष्ट आहे. त्याआधीची तीन-चार वर्षे, ज्यात बँड गाणी लिहितो, मोडतो, नव्याने बांधतो, ती वीस-तीस माणसांसमोर जातात. ती माणसे आली नाहीत तर पुढचे काहीच घडत नाही.

इंडी या शब्दाचा आज शैली म्हणून सर्रास वापर होतो, परंतु तो मुळात कामाच्या पद्धतीचा शब्द आहे. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक रॉक बँडचा कार्यक्रम झाला. तो हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन स्थानिक तरुणांनी खटपट करून घडवून आणला होता. त्या संध्याकाळी जेमतेम चाळीसएक माणसे आली होती असे सांगतात. त्यांतल्या पीटर हुकने लगोलग बेस गिटार विकत घेतली आणि बर्नार्ड समनरबरोबर जो बँड काढला तोच पुढे जॉय डिव्हिजन म्हणून ओळखला गेला. डिव्होटो आणि शेली यांच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये, उसन्या पैशांवर, चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिली खेप एक हजार प्रतींची होती आणि वेष्टनावर प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झाले तेही छापले होते. त्या बारीक छपाईचे मला फार मोल वाटते. आम्ही हे असे केले, तुम्हालाही करता येईल, असे त्यात ऐकणाऱ्याला सांगितले आहे. चाळीस माणसांच्या त्या संध्याकाळीतून काय काय निघाले याची यादी देता येईल. मला महत्त्वाचे वाटते ते इतकेच, की ते चाळीस जण घरी बसले नाहीत.

म्हणून मी पहिल्या बँडच्या आधी पोहोचते. याला शिष्टाचाराखेरीज एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. अनेक बँड असलेल्या कार्यक्रमात साउंडचेक, म्हणजे वाद्यांच्या आणि माइकच्या आवाजाची आधीची तपासणी, बहुधा उलट्या क्रमाने होते. जो शेवटी वाजवणार त्याचे आधी आणि जो पहिला वाजवणार त्याचे सर्वांत शेवटी, म्हणजे मग त्याची मांडणी तशीच मंचावर ठेवून दारे उघडता येतात. मुख्य बँडच्या साउंडचेकला उशीर झाला की त्याची झळ या शेवटच्या नंबरालाच लागते, आणि नवख्या बँडच्या वाट्याला दहा मिनिटेही उरत नाहीत. शिवाय ती तपासणी रिकाम्या खोलीत होते. माणसे आत आली की त्यांची शरीरे आणि कपडे आवाज शोषून घेतात, विशेषतः वरच्या पट्टीचा, आणि तपासणीच्या वेळी झगझगीत वाटलेली झांज रात्री मऊ होऊन जाते. साउंड इंजिनिअर हा फरक पहिल्या बँडच्या पहिल्या दोन गाण्यांत सुधारत असतो. त्या दोन गाण्यांवरून बँडची पारख करणे मला अन्यायाचे वाटते. तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबणारा श्रोताच त्यांना न्याय देऊ शकतो.

कुठे उभे राहायचे हाही विचार करण्याचा विषय आहे. लहान जागेत गाणाऱ्याचा आवाज दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून येतो, तर ड्रम्स आणि गिटारचा अॅम्प्लिफायर समोरच्याला थेट ऐकू येतात. त्यामुळे मंचाला अगदी चिकटून उभे राहणाऱ्याला बोटे उत्तम दिसतात आणि शब्द मात्र हरवतात. कोपऱ्यात आणि भिंतीलगत बेस फुगतो. सर्वांत समतोल आवाज मिक्सरच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवणाऱ्या यंत्राच्या, आसपास मिळतो, कारण इंजिनिअर तिथे बसून स्वतःच्या कानाला पटेल असाच आवाज लावत असतो. नवा बँड ऐकायचा असेल तेव्हा मी मिक्सरच्या दोन पावले पुढे उभी राहते. ओळखीच्या बँडच्या वेळी पुढे जाते, कारण गाणी पाठ असली की शब्द सुटल्याचे दुःख राहत नाही, आणि बेसवादक ड्रमरकडे कोणत्या क्षणी पाहते हे बघण्यात एक वेगळाच आनंद असतो. त्या पाहण्यातच बहुतेक बदल ठरतात.

कानांविषयी मात्र मी उशिरा शहाणी झाले, आणि हे नव्याने जाऊ लागलेल्यांना कळकळीने सांगावेसे वाटते. तिसऱ्या वर्षी एका बंदिस्त तळघरातल्या कार्यक्रमानंतर माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, तो तीन दिवस थांबला नाही. त्या तीन रात्री झोप लागत नव्हती तेव्हा मी प्रथमच या विषयावर वाचले. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची मान्य मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलमागे सुरक्षित वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात, आणि जोरकस बँडचा लहान खोलीतला आवाज तेथवर सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी जे मानक जाहीर केले, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, श्रोत्यांना कानातले बोळे उपलब्ध असावेत आणि थोडा वेळ टेकायला शांत जागा असावी, असे म्हटले आहे. संगीतासाठी बनवलेले बोळे सगळ्या पट्ट्यांचा आवाज सारख्या प्रमाणात उतरवतात, त्यामुळे गाणे गढूळ होत नाही. फोमचे बोळे वरचा आवाज जास्त खातात, तरीही काहीच न घालण्यापेक्षा ते कितीतरी बरे. कानसेन व्हायचे असेल तर कान शाबूत हवेत.

लहान खोलीत श्रोत्याचे वागणे मंचापर्यंत पोहोचते. हळू गाण्याच्या वेळी मागे चाललेल्या गप्पा गाणाऱ्याला शब्दन्‌शब्द ऐकू जातात, हे मला एका गायकाने स्वतः सांगितले, आणि तेव्हापासून माझ्या शेजारी असे होऊ लागले की मी नम्रपणे, पण नक्की, बोलते. दाद देण्याबद्दलही माझे असेच आहे. अनोळखी बँडला पहिल्या गाण्यानंतर मिळालेल्या टाळ्यांनी दुसऱ्या गाण्याची लय खरोखर बदलते. खांदे सैल होतात, गायक डोळे उघडतो. मात्र आयोजकांचे वागणे श्रोत्याच्या हाती नसते. एका कार्यक्रमात मुख्य पाहुणे तासभर उशिरा आले आणि आयोजकाने स्थानिक बँडची चाळीस मिनिटे ऐनवेळी वीसवर आणली. सहा महिने तालीम केलेल्या त्या चार जणांनी कोणती गाणी गाळायची हे मंचाच्या पायरीवर बसून दोन मिनिटांत ठरवले. मी दुसऱ्या दिवशी आयोजकांना सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले नाही, तरीही असे पत्र लिहावे असेच माझे म्हणणे आहे.

महोत्सव हा निराळा अनुभव आहे, आणि खरे सांगायचे तर मला तो दुसऱ्या क्रमांकावर आवडतो. १९ सप्टेंबर १९७० रोजी मायकेल ईव्हिस यांनी स्वतःच्या शेतावर भरवलेल्या इंग्लंडमधल्या पहिल्या ग्लॅस्टनबरी महोत्सवाला सुमारे दीड हजार माणसे होती; आज महोत्सव म्हटले की लाखांचे आकडे डोळ्यांसमोर येतात. उघड्या मैदानात आवाजाचे गणितच पालटते. ध्वनी एका सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मंचापासून शंभर मीटरवर उभ्या माणसाला ड्रमवरचा फटका आधी दिसतो आणि सुमारे पाव ते तिसरा हिस्सा सेकंदाने ऐकू येतो. मैदानाच्या मध्यावर उभारलेल्या मनोऱ्यांवरच्या स्पीकरमधला आवाज म्हणूनच मुद्दाम उशिरा सोडतात, नाहीतर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांवर आपटून शब्द विरून जातील. वारा फिरला की गाणे लांब जाते आणि परत येते. या सगळ्यात लहान बँडला दुपारची वेळ मिळते, उन्हाची, अर्ध्या भरलेल्या मैदानाची, आणि शेजारच्या मंचावरचा बेस त्यांच्या शांत जागांमध्ये घुसत असतो.

मी महोत्सवाचे वेळापत्रक हाती आले की आधी दुपार आखते. रात्रीची मोठी नावे माझ्यावाचून अडत नाहीत. दुपारी दोनला तिसऱ्या मंचावर आपल्या ओळखीचा बँड वाजवत असतो तेव्हा कठड्याशी उभी असलेली पाच परिचित तोंडे त्यांना किती आधार देतात, हे त्यांनी कार्यक्रमानंतर ज्या रीतीने हात हातात घेतला त्यावरून मला समजले आहे. त्यांच्या गावाहून, म्हणजे आमच्याच, पाच जण तेवढ्यासाठी रात्रभर प्रवास करून आलो होतो.

कार्यक्रम संपल्यावर दाराशी जे टेबल मांडलेले असते तिथे मी थांबतेच. तबकडी, टी-शर्ट, हाताने शिवलेली गाण्यांची पुस्तिका, जे असेल ते. गाणे ऑनलाइन ऐकल्यावर बँडच्या हाती जे पडते त्याच्या तुलनेत या टेबलावरची एक खरेदी कितीतरी मोठी असते आणि पुढच्या प्रवासाचा खर्च बरेचदा त्यातूनच निघतो. २० मार्च २०२० रोजी, सगळीकडचे कार्यक्रम बंद पडलेले असताना, बँडची गाणी ऑनलाइन विकणाऱ्या बँडकॅम्प या संकेतस्थळाने एक दिवस विक्रीतला स्वतःचा वाटा सोडून दिला आणि नंतर तसे अनेक शुक्रवार पाळले. त्या काळात मी घरी बसून जे घेतले ते आजही माझ्या कपाटात वेगळ्या रांगेत आहे. त्याच रांगेत तार तुटलेल्या त्या रात्रीच्या बँडची पहिली तबकडी आहे. तिच्यातले पाचवे गाणे बेसच्या चार स्वरांनी आणि शब्दांविना गुणगुणण्याने सुरू होते. टेबलामागे बसलेल्या बेसवादकाला मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही त्या रात्री होता? मग तुम्ही पुढे सरकलात तेव्हाच आम्हाला कळले होते, हे ठेवायचे."

अलीकडे मी आणखी थोडा वेळ थांबते. दिवे लागतात, लोक जातात, आणि मंचावर वायरींचे जाळे उरते. आमच्या नेहमीच्या जागेतल्या साउंड इंजिनिअरकाकांनी मला वायर गुंडाळायला शिकवले. कोपराभोवती गुंडाळायची नाही, त्याने आतल्या तारांना पीळ बसतो आणि वायर लवकर मरते. एक वेढा सरळ, दुसरा मनगट आत वळवून उलटा, पुन्हा सरळ, पुन्हा उलटा; मग ती कधीही फेकली तरी गाठ न पडता सुटते. पहिल्या दिवशी माझ्या तीन वायरी त्यांनी न बोलता पुन्हा सोडवल्या. गेल्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांत लांब वायर माझ्या हातात दिली, झालेले वेटोळे एका टोकाला धरून झटकले, ती सरळ लांबवर गेली, आणि ते म्हणाले, "येत्या शनिवारी लवकर या, पहिला बँड अगदी नवा आहे."