गाळलेला शब्द

मी श्टुटगार्टला राहते. अमेरिकेहून पूर्वजांचं गाव शोधत येणाऱ्यांना जुन्या नोंदी वाचून देते, गावात फिरवते. त्या नोंदींची कुरेंट ही जुनी हस्तलिपी आज बहुतेक जर्मनांनाही वाचता येत नाही, त्यावर माझं पोट चालतं. आजोबांनी मोडी शिकवली होती. अर्धवट अक्षरावरून शब्द लावायची सवय तिथली.

येणाऱ्यांना दोन गोष्टी हव्या असतात, घर आणि थडगं. थडगं मिळत नाही. इथे कबरीची जागा साधारण 20-25 वर्षांसाठी असते. कोणी मुदत वाढवली नाही तर दगड उचलतात, जागा दुसऱ्याला. ईमेलमध्ये हे ठळक अक्षरांत लिहिते, तरी लोक फुलं घेऊन येतातच.

मे महिन्यातले ते सत्तरीचे गृहस्थही घेऊन आले. सोबत मुलगा आणि दहा वर्षांची नात. घरातली कथा अशी की पणजोबांचे वडील बॅरन होते, भावाशी भांडून निघून गेले. टोपीवर कुलचिन्ह. (आडनाव सांगा, कुलचिन्हाची ढाल विकत घ्या. या धंद्याला खरंच तोड नाही!)

नोंद मला आठवडाभर आधीच सापडली होती. वुर्टेंबर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या जुन्या राज्यात, 1808 पासून चर्चमध्ये कुटुंबनोंदवही ठेवत. एका कुटुंबाला एक पान, आईबाप वर, मुलं खाली, कोणी परदेशी गेलं तर तसा शेरा. इथे पान पणजोबांच्या आईच्या वडिलांचं होतं. त्यावर मुलगी, मोलकरीण. तिच्याखाली 1853 चा मुलगा. पुढे 'उनएलिश', म्हणजे अनौरस. शेवटी 1854, उत्तर अमेरिका. आडनाव आईचं.

तेव्हाच कळवायला हवं होतं. पण सहल विकणाऱ्या एजन्सीचा नियम, नोंद गावातल्या चर्चमध्येच उलगडायची. फोटो छान येतात.

वेदीसमोर प्रत धरून मी वाचू लागले. त्या लिपीत 'एन' आणि 'ई' म्हणजे नुसत्या उभ्या दांड्या, 'यू' ओळखायचा तो डोक्यावरच्या चंद्रकोरीवरून. नातीने नेमकं 'उनएलिश'च्या पहिल्या अक्षरावरच्या चंद्रकोरीवर बोट ठेवलं. "हे काय?"

"यू," मी म्हटलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

"आणि वडील?" आजोबांनी विचारलं.

"नाव लिहिलेलं नाही."

ते मुलाकडे वळून हसले. "बघ! बॅरनचं नाव कोण लिहील?"

माझ्या गप्प बसण्याने बॅरन आणखी पक्का झाला. फुलं त्यांनी युद्धस्मारकापाशी ठेवली, तिथे तेच आडनाव तीनदा कोरलेलं आहे.

रात्री टाइप केलेल्या भाषांतरात तो शब्द घातला. खाली लिहिलं की 1852 च्या कायद्याने तिथे लग्नाच्या अटी आणखी कडक झाल्या होत्या; पोटापाण्याची खात्री दाखवता आली नाही तर गाव परवानगी नाकारू शके, आणि गरिबांची मुलं अशी लग्नाविनाच जन्मत. हेच चर्चमध्ये सांगायला दोन मिनिटं लागली असती.

तीन आठवडे झाले. एजन्सीला त्यांनी पाच तारे दिलेत. मला उत्तर नाही.