जोड धरणारा

गेल्या शुक्रवारी दुपारी पुतणी पुण्याहून आली आणि चहा होण्याच्या आतच तिने बाहेरच्या खोलीतले टेबल ताब्यात घेतले. साडेचारला तिच्या ऑफिसची मीटिंग होती आणि लॅपटॉपचा तेरा इंची पडदा त्या कामाला पुरत नव्हता. "काका, तुमचा तो जुना मॉनिटर चालू आहे ना अजून?" असे तिने विचारले, तेव्हा झालेला आनंद मी शक्य तितका लपवला. सतरा इंची, हल्लीच्या मानाने जवळजवळ चौकोनी असा तो मॉनिटर मी निवृत्त झाल्यापासून कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला आहे आणि तो भंगारवाल्याला देऊन टाकावा, असे घरातल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी सुचवून पाहिले आहे.

अडचण एवढीच होती, की तिच्या लॅपटॉपला दोनच भोके, दोन्ही यूएसबी-सीची, आणि माझ्या मॉनिटरच्या पाठीशी एकच जागा, निळी, तीन ओळींत पाच-पाच अशा पंधरा छिद्रांची. हे निळे व्हीजीए आयबीएमने १९८७ साली आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर आणले आणि यूएसबी-सी आले २०१४ साली, म्हणजे ह्या दोघांच्या वयात सत्तावीस वर्षांचे अंतर. तो निळा रंगसुद्धा जन्मापासूनचा नव्हे. कोणती केबल कुठे घालायची हे सामान्य माणसाला नुसत्या नजरेने कळावे म्हणून 'पीसी ९९' नावाच्या नियमावलीने कीबोर्डला जांभळा, माउसला हिरवा आणि मॉनिटरला निळा रंग नेमून दिला. इतकी साधी आणि इतकी उपयोगी गोष्ट पुढे कोणाला का सुचली नाही, हे मला समजत नाही. आता सगळीच भोके काळी असतात आणि टेबलाखाली वाकून, मोबाईलच्या उजेडात ती चाचपावी लागतात.

असल्या प्रसंगासाठी माझ्याकडे कंदी पेढ्यांचा एक खोका आहे. साताऱ्यात पेढ्यांचे खोके फेकून देण्याची पद्धत नाही; कोणाच्या घरी त्यात सुया-दोरे असतात, कोणाच्या घरी विजेची बिले, माझ्याकडे अडॅप्टर असतात. त्यातून मी एचडीएमआयचे डीव्हीआय करणारा एक तुकडा काढला (दोन्ही पडद्यापर्यंत चित्र नेणाऱ्या जोडांचेच प्रकार), डीव्हीआयचे व्हीजीए करणारा दुसरा काढला, पुतणीच्या पिशवीतला यूएसबी-सीचे एचडीएमआय करणारा तिसरा त्यांना लावला, आणि सगळे एकमेकांत इतके चपखल बसले की मला उगीचच अभिमान वाटला. पडद्यावर अक्षरे आली, 'नो सिग्नल'.

मी विज्ञानाचा शिक्षक होतो, त्यामुळे ही चूक मला पहिल्याच मिनिटाला कळायला हवी होती. डीव्हीआयच्या एकाच तोंडात दोन वेगळे संसार नांदतात. चोवीस पिनांतून आकड्यांच्या रूपातला संदेश जातो, आणि बाजूच्या चपट्या पात्याजवळच्या चार पिनांतून जुना, कमी-जास्त होणाऱ्या विद्युतदाबाचा संदेश जातो. एचडीएमआय फक्त पहिल्यांशी बोलते, व्हीजीए फक्त दुसऱ्यांशी. मी जोडलेल्या साखळीत मधल्या सांध्यापर्यंत संदेश व्यवस्थित येत होता, आणि तिथून पुढे जाणाऱ्या पिनांना त्यातले काहीच मिळत नव्हते. "बसतंय तर सगळं नीट," पुतणी म्हणाली. बसत होतेच.

बसणे आणि वाहणे ह्यांतला फरक मला वास्तविक वयाच्या आठव्या वर्षीच शिकवला गेला होता. मंगळवार पेठेतल्या आमच्या वाड्यात पहाटे नळाला पाणी येई. कासच्या तलावातून उतारावरून आपल्या पायाने चालत शहरात येणारे ते पाणी आमच्या नळापर्यंत पोचेतो दमलेले असे, आणि जेमतेम तासभर थांबे. नळ अर्धा इंची होता आणि परसातल्या हौदापर्यंत पोचणारी रबरी नळी पाऊण इंची. आजोबांनी ती कुठल्याशा शेतकऱ्याकडून स्वस्तात घेतलेली होती आणि वाया घालवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मग नळाच्या तोंडावर आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी चार वेढे गुंडाळायची, तिच्यावर नळी दामटून बसवायची, नळीवरून पुन्हा एक पट्टी आवळायची, तरीही ती लांबीला कमी पडे म्हणून पुढे हिरव्या प्लॅस्टिकचा एक तुकडा, आणि त्या दोहोंच्या मध्ये फुटक्या पिचकारीची नळकांडी. प्रत्येक सांधा बसलेला असे आणि प्रत्येक सांधा गळत असे. त्यांतला सर्वांत वाईट सांधा माझ्या वाट्याला होता. पायरीवर उकिडवे बसून तो दोन्ही मुठींत आवळून धरायचा, बोटांच्या फटींतून बर्फासारखे पाणी कोपरापर्यंत ओघळत असताना हलायचे नाही, आणि आजोबांनी हौदाशी उभे राहून "सोड!" म्हणून हाक मारली की मगच सोडायचे. डिसेंबरातसुद्धा. थंडीपेक्षा मला त्या कामाचा कंटाळा अधिक होता, कारण जोड धरणाऱ्याला हौद दिसत नसे. दोन आण्यांची क्लिप आणली असती तर भागले असते, हे मला फार पुढे सुचले; आजोबांना ते तेव्हाच सुचले असणार, पण घरात फुकटचा नातू असताना क्लिप कशाला आणायची?

असो. मी स्कूटर काढली आणि पोवई नाक्याजवळच्या दुकानातून एचडीएमआयचे थेट व्हीजीए करणारा कन्व्हर्टर घेऊन आलो. तो दिसायला साध्या अडॅप्टरसारखाच असतो, पण त्याच्या पोटात आकड्यांचे पुन्हा विद्युतदाबात रूपांतर करणारी चिप असते आणि तिला लागणारी वीज तो एचडीएमआयच्याच एका पिनेतून मिळणाऱ्या पाच व्होल्टवर भागवतो. पाच मिनिटांत तो हाताला कोमट लागू लागला. आधीचे माझे दोन तुकडे शेवटपर्यंत थंडगार होते, ह्याची मी मनात नोंद केली. पडदा उजळला तेव्हा चित्र डावीकडे बोटभर सरकलेले होते. मी मॉनिटरखालचे 'ऑटो' बटण दाबले, आणि झोपेतून उठलेला माणूस आळस देऊन धोतर नीट करतो तसे ते चित्र एकदा ताणले गेले, थरथरले आणि चौकटीत जागेवर येऊन बसले. पुतणीने असले बटण आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. नव्या पडद्यांना त्याची गरज नसते.

दुकानदाराने व्हीजीएची केबल मला तशीच देऊ केली होती. "नेताय तर न्या, कोणी विचारत नाही," म्हणाला. ह्याच साताऱ्यात दुसऱ्या एका दुकानात मी एकदा ह्याच केबलवरून हसे करून घेतले होते. नवी केबल घरी आणून पिना मोजल्या तर चौदाच. मधल्या ओळीतली एक जागा रिकामी. दोष शोधून काढल्याच्या तोऱ्यात मी परत गेलो, तर त्याने काही न बोलता गठ्ठ्यातल्या पाच-सहा केबली माझ्यासमोर मांडल्या. सगळ्यांची नववी पिन नव्हती. ती तशीच सोडायची बहुतेक केबलींची रीत आहे. विज्ञानाच्या शिक्षकाला हे दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत कळावे, ह्याचे दुःख वेगळे.

तरीही व्हीजीएवर माझा जीव आहे, आणि तो तिच्या दोन बाजूंच्या स्क्रूंमुळे आहे. चिमटीत धरून ते फिरवले की शेवटच्या आट्याला बोटांना जो रेटा जाणवतो, त्यावरून काम झाल्याचे कळते. एचडीएमआय नुसते खुपसायचे आणि देवावर हवाला ठेवायचा. डिस्प्लेपोर्ट नावाच्या आणखी एका जोडाला निदान एक खटका असतो, पण तो दाबायचा राहिला आणि केबल ओढली की काय होते, ते मी सांगत नाही. व्हीजीएचे दुखणेही माणसासारखे असे, म्हणजे ती एकदम मरत नसे. लांब केबलीला अक्षरांच्या उजव्या अंगाला पुसट सावल्या पडत. पिन वाकली तर एखादा रंग जाई, आणि वाकलेली पिन रिकाम्या पेन-पेन्सिलीचे टोक तिच्यावर चढवून हलक्या हाताने सरळ करता येई.

रंग जाण्यावरून आठवले. आमच्या शाळेत चित्रकलेच्या सरांच्या निवृत्तीचा समारंभ होता आणि त्यांच्या जुन्या छायाचित्रांचा कार्यक्रम प्रोजेक्टरवर दाखवायचा होता. केबलीचा एक स्क्रू कधीच तुटून गेलेला. दिवे घालवले, पहिले छायाचित्र आले आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली, कारण सरांच्या लग्नातला तो फोटो संपूर्ण निळसर-हिरवा होता. नवरी हिरवी, भटजी हिरवे, अक्षता हिरव्या. तांबड्याची पिन टेकत नव्हती, आणि प्रकाशातून तांबडा वजा केला की उरते ते हेच. मी घामाघूम होऊन प्रोजेक्टरकडे धावत असताना पहिल्या रांगेतून सरांचा शांत आवाज आला, "तांबडा संपलेला दिसतोय." चाळीस वर्षे मुलांच्या रंगपेट्या पाहिलेला माणूस तो. केबल एका विशिष्ट कोनात वर दाबून धरली की तांबडा येत होता, सोडली की जात होता; म्हणून पुढची पस्तीस मिनिटे मी प्रोजेक्टरच्या टेबलामागे उकिडवा बसून ती धरून ठेवली. पडदा मला दिसत नव्हता. लोक केव्हा हसले आणि केव्हा गप्प झाले, तेवढे ऐकू आले.

डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून जाहीर केले, की २०१५ पर्यंत व्हीजीएला निरोप द्यायचा. ती मुदत आमच्याकडे कोणी फारशी मनावर घेतली नाही. शाळांतले आणि मंगल कार्यालयांतले प्रोजेक्टर, बँकेच्या काउंटरमागचे मॉनिटर पुढेही पुष्कळ वर्षे निळ्याच केबलीवर चालले, आणि काही आजही चालत असतील. पण नवा लॅपटॉप आणणारा प्रत्येक पाहुणा आता आपला एक तुकडा सोबत आणतो, आणि बहुधा जाताना तो विसरून जातो. माझा खोका असाच भरला.

साडेचारला मीटिंग सुरू झाली. तोवर एक नवीच अडचण ध्यानात आली होती. दोन तुकडे आणि वर जाड केबल एवढे वजन लॅपटॉपच्या त्या चिमुकल्या भोकातून लोंबकळत होते, आणि टेबलाला जरा धक्का लागला की पडदा काळा होत होता. पुतणीने कानातले यंत्र एका हाताने झाकले आणि हळूच म्हणाली, "काका, तेवढं धरता का जरा? पाचच मिनिटं."

मी खुर्ची ओढली आणि तो कोमट कन्व्हर्टर तळहातावर घेऊन बसलो. पडद्याची पाठ माझ्याकडे होती. पाचाची पंधरा मिनिटे झाली, मग अर्धा तास झाला. कोणीतरी पलीकडून इंग्रजीत तेच तेच पुन्हा सांगत होते आणि पुतणी मान डोलावत होती. हौद भरला की आजोबा निदान हाक मारत असत. मीटिंग कुठवर भरली आहे, हे जोड धरणाऱ्याला विचारताही येत नाही.