कोल्हापूरहून जर्मन विद्यापीठाकडे : अर्ज ते व्हिसा

जर्मनीत एम.एस. करायचे ठरले की बहुतेक जण आधी आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या मागे लागतात. माझ्या मते कोल्हापूरकराने पहिली फेरी विद्यानगरात, शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे मारावी. कारण पुढची बरीच कामे तिथल्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सर्व सत्रांचे गुण एकत्र दाखवणाऱ्या अधिकृत पत्रकावर, अडून राहतात. सर्व सत्रांच्या गुणपत्रिकांच्या प्रती सोबत न्याव्यात आणि ट्रान्सक्रिप्टचे संच मागताना हात आखडता घेऊ नये.

कमाल श्रेणी आणि उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी या दोन्ही गोष्टी कागदावर स्पष्ट छापलेल्या आहेत का, हे खिडकीवरून हलण्यापूर्वीच पाहावे. जर्मन पद्धतीत 1 हा सर्वोत्तम गुणांक असून 4 ला माणूस जेमतेम उत्तीर्ण होतो. आपली श्रेणी या गुणांकात बदलण्यासाठी कमाल श्रेणीतून आपली श्रेणी वजा करायची, त्या फरकाला कमाल व किमान यांतील फरकाने भागायचे, 3 ने गुणायचे आणि 1 मिळवायचा. कमाल 10, किमान 4 आणि आपली श्रेणी 8.2 असेल, तर उत्तर 1.9 येते. अनेक विद्यापीठे आपल्या पात्रतेची अट याच आकड्यात सांगतात, त्यामुळे कोठे अर्ज करण्यात अर्थ आहे हे घरबसल्या कळते.

नावाचा घोळही इथेच निस्तरावा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव आणि कधी आईचेही. पासपोर्टवर मात्र मांडणी वेगळी. सगळे अर्ज पासपोर्टबरहुकूम भरावेत.

भारतीय पदव्यांची पडताळणी करणारे एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर 2022 पासून बंधनकारक असून त्याचे शुल्क 18,000 रुपये आहे. ते हाती येण्यास लागणारा वेळ धरूनच वेळापत्रक आखावे, कारण हिवाळी सत्राची मुदत अनेक ठिकाणी 15 जुलै असली तरी परदेशी अर्जदारांसाठी काही विद्यापीठे ती बरीच आधी संपवतात. अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेमार्फत अर्ज केल्यास पहिल्या अर्जाला 75 आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला 30 युरो पडतात. सरकारी विद्यापीठांत शिक्षण फुकट असते, हे सरसकट खरे नाही : बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सत्राला 1,500 युरो भरावे लागतात, तर म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही 2024 च्या हिवाळी सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. शहरातले काही सल्लागार खासगी विद्यापीठांचीच नावे पुढे करतात. सरकारी विद्यापीठाचा अर्ज स्वतः भरणे मुळीच अवघड नाही.

प्रवेश मिळाल्याचे पत्र आले की ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे खाते, उघडावे. सप्टेंबर 2024 पासून त्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात आणि तिथे पोहोचल्यावर महिन्याला 992 युरो काढता येतात. ही रक्कम शैक्षणिक कर्जातून भरणार असाल, तर कर्ज मंजूर होणे आणि पैसे प्रत्यक्ष वळते होणे यांत बराच काळ जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

व्हिसाच्या भेटीसाठी मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. ही गाडी रात्रभर चालून सकाळी सीएसएमटीला पोहोचते. पण पावसाळ्यात कर्जत-लोणावळा घाटात खोळंबा होऊ शकतो, म्हणून भेट दुपारची घ्यावी, नाहीतर आदल्या दिवशीच मुक्कामाला जावे. सामान स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवून फक्त फाइल घेऊन जाणे सोयीचे. फाइलमध्ये कागद यादीतल्याच क्रमाने लावलेले असले, की काउंटरवर उलथापालथ करावी लागत नाही. पासपोर्ट कुरिअरने मागवणार असाल, तर दिवसा कोणीतरी हमखास घरी असेल असाच पत्ता द्यावा.