तोळ्याच्या हिशेबात पिस्तुलाची गोळी

या सुट्टीत ठाण्याला आले आणि दुसऱ्याच दिवशी जांभळी नाक्याजवळ मामाच्या पेढीवर जाऊन बसले. मामा सराफ. त्याच्याकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे; हा आकडा म्हणजे बोअर, नळीच्या भोकाचं इंचातलं माप. ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, त्यामुळे परवानाधारकांकडे .३२ च जास्त दिसतं. निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जमा करायचं, संपली की परत आणायचं.

ह्यूस्टनमध्ये आमचं किराणा दुकान आहे. रात्री गल्ला घेऊन शटर मी ओढते. एच वन बी व्हिसावर असताना शस्त्र घेणं सहसा कायद्यात बसत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर, फॉर्म भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन, मी पिस्तूल घेतलं. मामाला हे फोनवर कळलं होतं.

"तुझी गोळी केवढी गं?"

"एकशे चोवीस ग्रेन."

"म्हणजे गिनीएवढी!"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. अमेरिकेत गोळीचं वजन ग्रेनमध्येच सांगतात, आणि जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. मामा ज्याला गिनी म्हणतो ते सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिश सोन्याचं नाणं, आठ ग्रॅमचं, माझी ९ मिमीची गोळीही तेवढीच. मग त्याने कागद ओढला. .२२ ची गोळी ४० ग्रेन, पाव तोळ्याहून कमी. .४५ ची २३० ग्रेन, सव्वा तोळ्याहून थोडी जास्तच. पण जडपणाची किंमत वेगात मोजावी लागते: .४५ सेकंदाला साधारण २५५ मीटर जाते, ९ मिमी साडेतीनशेच्या आसपास.

"मग सव्वा तोळ्याचीच घ्यायची ना," मामा म्हणाला.

मी सुरुवातीला तेच केलं होतं. १९११ सालापासून अमेरिकी सैन्याने वापरलेलं कॅलिबर (म्हणजे तेच नळीचं माप), मग आणखी काय हवं, असं वाटलं होतं. पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत बार निघण्याआधीच माझं मनगट खाली झुकायला लागलं. शिकवणाऱ्या बाईंनी मला न सांगता मॅगझिनमध्ये मधेमधे खोटी काडतुसं घातली. चाप ओढला, बार नाही, तरी नळी खाली गेली. धक्का यायच्या आधीच मी घाबरत होते. त्या दिवशी गाडीत बसून रडले.

बाईंनी .२२ हातात दिलं. धक्का नावापुरता, काडतूस सगळ्यात स्वस्त, एका दुपारी दोनशे बार सहज व्हायचे. चार महिने फक्त तेच. चाप हळू दाबायचा कसा, हे माझ्या बोटाला .२२ नेच शिकवलं. कमरेला बाळगायला मात्र ते नको: त्याची गोळी हलकी, आणि कडेला ठिणगी पडणारी ही काडतुसं जास्त वेळा फुसकी निघतात.

म्हणून शेवटी ९ मिमी. १९८६ मध्ये मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन जण मारले गेले. ९ मिमीची एक गोळी हल्लेखोराच्या हृदयाआधी थांबली होती. त्यानंतर एफबीआयवाले मोठ्या कॅलिबरकडे वळले: आधी १० मिमी, मग .४०. २०१४ मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने पुन्हा ९ मिमीची बाजू घेतली. गोळ्या सुधारल्या होत्या, आणि बहुतेकांचा नेम ९ मिमीने जास्त लवकर आणि जास्त अचूक लागत होता. माझ्या अरुंद पंजाला हे कुणी पटवून द्यायची गरजच नव्हती.

सरावाला मी साधी, तांब्याच्या कवचाची काडतुसं वापरते. बाळगायला टोकाशी पोकळ असलेली महागडी: ती आत शिरल्यावर फुलते, आरपार जाऊन मागच्या माणसाला लागायचा धोका कमी. पण तीही महिन्यातून थोडी चालवून बघते, न अडकता चालतात ना याची खात्री हवी.

"मामा, तू शेवटचा बार कधी काढलास?"

त्याने तराजूचं तागडं पुसलं, चष्मा काढला. "परवाना मिळाला त्या वर्षी."

सव्वीस वर्षं झाली त्याला. मी जायच्या आधी दोघांनी रायफल क्लबमध्ये जाऊन चौकशी करायची ठरवलंय.