कुंभारजुवे कालवा, चौथी फेरी: सव्वादोन तास चिखलात

मागच्या नोंदीत मी ठासून लिहिलं होतं की मगर बघायची तर सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीच्या उतरत्या पाण्याबरोबर, गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्यात शिरायचं. तो सल्ला मागे घेते. कुणी तसा बेत आखला असेल तर आधी हे वाचा.

पंचमीला सकाळी मी आणि भाचा बाणस्तारीच्या पुलाकडून निघालो. पाणी उतरत होतं, कायाक आपसूक पुढे चालली होती. तिवरांमधल्या एका फाट्यात पाणमांजराच्या पायांचे ताजे ठसे दिसले, म्हणून आत वळलो. पावणेनऊला बूड टेकलं. वल्हं खाली रोवलं तर मुठीपर्यंत गेलं. उतरून ढकलायचा प्रश्नच नव्हता, कारण समोरच्या काठावर मगर होती. ज्या मगरीसाठी तीन फेऱ्या केल्या, ती अशी भेटली.

जबडा उघडा ठेवून ती ऊन घेत होती. शेपटीवरचा चिखल वाळून पांढुरका होत गेला, तोही आम्ही पाहिला. कुंभारजुव्यातल्या या मगरी गोड्या पाण्यातल्या जातीच्या, तरी खाऱ्या-मचूळ कालव्यात नांदतात. पौष अमावास्येला खाजणातली (बांध घालून राखलेल्या खाऱ्या शेतजमिनीतली) मंडळी मातीची मगर थापून तिची पूजा करतात, ती मांगे थापणी. ते का करतात, ते त्या दोन तासांत मला आतून कळलं.

अकराला पाणी परत आलं आणि आम्ही सुटलो.

आता मूळ गाठ. मगर चिखलावर येते ती हिवाळ्यात, सकाळी, अंग तापवायला. चिखल उघडा पडतो फक्त ओहोटीला. म्हणजे सकाळची ओहोटीच हवी. पण त्याच वेळी कडेचे फाटे कोरडे पडतात. मोबाइलवरच्या वेळा मोरमुगाव बंदराच्या असतात. माझ्या वहीतल्या चारही नोंदींत बाणस्तारीला ओहोटी साधारण पाऊण तास उशिरा आहे. त्यातून लागोपाठच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. ॲपवर विसंबून राहणं मी सोडलं आहे. आपल्याकडचं जुनं गणित, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते, हे मुंबईच्या बाजूचं खरं. पण कालव्यातल्या उशिरामुळे इथेही चांगलं जुळतं. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी.

परत आल्यावर काठावर जाळं सोडवत बसलेल्या काकांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "उदक चडटना भितर सर." पाणी चढत असताना आत शिर. ओहोटी संपली की निघायचं. पहिला तासभर चिखल उघडाच असतो, मगर जागची हलत नाही, आणि टेकलो तरी पाणीच आपल्याला उचलतं. चार फेऱ्यांत जे सुचलं नाही ते चार शब्दांत मिळालं.

सामानाबद्दल थोडं. फुगवायच्या कायाकची डावी झडप पुन्हा हवा सोडते आहे. विकणाऱ्याने दुसऱ्यांदा तेच वॉशर पाठवलं. तिवरांची श्वासमुळं आणि कालवांची धारदार शिंपलं बघता मी आता कडक प्लास्टिकच्या बोटीकडे वळणार आहे. जड असते, पण निर्धास्त.

बेत असा होता की पुढची तीन दिवसांची सुट्टी निम्मी कालव्याला आणि निम्मी चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्याला. तिथल्या तिवरांतल्या वाटा भरतीलाच उघडतात, म्हणून सकाळी नऊची भरती हवी, म्हणजे द्वादशी. द्वादशी आणि चतुर्थीत आठवड्याचं अंतर, त्यामुळे एक ठिकाण सोडावं लागणार असं धरून चालले होते. पण हे लिहिताना लक्षात आलं, चतुर्थीला तीनला भरती आहेच की! सकाळी नऊला कालव्यात मगर, मग रायबंदरहून फेरीबोटीने चोडण, आणि दुपारी तीनला वनखात्याची परवानगी घेऊन तिवरांत. कॉलर्ड किंगफिशर (तिवरांतला खंड्या) उतरत्या उन्हात मिळाला तर आणखी काय हवं. द्वादशी रद्द.

आता वद्य चतुर्थी गाठते. भाच्याने रजा टाकली आहे. तोवर कुणाकडे चोडणच्या बाजूच्या भरतीच्या घड्याळ लावून केलेल्या नोंदी असतील तर कळवा, तिथला उशीर मी अजून मोजलेला नाही.