गॅस ‘संपत’ नसतो : आमची वाटचाल

नवी मुंबईतल्या ऐरोलीत आमच्या एसी दुरुस्तीच्या दुकानाला पाटी लागली २००४ साली. त्याआधी पाच वर्षं मी दुसऱ्याकडे हेल्पर होतो, म्हणजे विंडो एसी खांद्यावर घेऊन जिने चढायचो. आयटीआयला दोन वर्षं ‘मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग’ केलं होतं, सर्टिफिकेट फ्रेम करून घरी लावलं होतं. खरं शिक्षण मात्र जिन्यातच झालं. ऐरोली निवडली ती गाळ्याचं भाडं परवडत होतं म्हणून. खाडी हाकेच्या अंतरावर आहे, नाला त्याहून जवळ आहे, याचा तेव्हा विचारही केला नव्हता. तो विचार पुढे नाल्यानेच करायला लावला.

पहिल्या तीन-चार वर्षांबद्दल लिहायला जरा जीवावर येतं, पण लिहितो. ‘कूलिंग कमी आहे’ असा फोन आला की आम्ही गेज आणि सिलिंडर घेऊन जायचो. दाब मोजायचं गेज लावायचं, आर-२२चा, म्हणजे तेव्हाच्या एसीतल्या गॅसचा, सिलिंडर उघडायचा, साठ-सत्तर पीएसआयवर काटा आला, जाड पाइपला घाम सुटला की बंद. अर्ध्या तासाचं काम, रोख पैसे, वर चहा. ‘गॅस संपला होता, भरला.’ गाडीतलं पेट्रोल संपतं तसा एसीतला गॅस संपतो असं लोकांना वाटायचं आणि आम्ही ते वाटू द्यायचो. मी खोटं बोलत होतो असं नाही म्हणणार. पण कुणी विचारत नव्हतं आणि मी सांगत नव्हतो.

विचारलं ते एका निवृत्त शिक्षिकेने. २००८चा नोव्हेंबर होता. मी गेज लावायला लागलो तशा बाई आतून दुधाच्या हिशेबाची वही घेऊन आल्या. मागच्या पानावर लिहिलेलं होतं : एप्रिल २००७ गॅस, मार्च २००८ गॅस. पुढे रक्कम. मग म्हणाल्या, ‘काय रे, आमचा फ्रीज सतरा वर्षांचा आहे. तोही गॅसवरच चालतो ना? त्यात एकदाही भरावा लागला नाही. मग तुझा गॅस जातो कुठे?’

मी चहाचा कप खाली ठेवला. उत्तर मला माहीत होतं. आयटीआयच्या पहिल्या वर्षातलं होतं. गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, परत येतो. तो खर्च होतच नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे, एवढंच. त्या दिवशी सिलिंडर उघडला नाही. साबणाचा फेस लावत बसलो. इनडोअरच्या मागे, भिंतीत दाबलेल्या पाइपच्या तोंडाशी, फ्लेअर नटवर, म्हणजे नळीचं पसरट केलेलं तोंड आवळून धरणाऱ्या नटवर, बुडबुडे आले. फ्लेअरची कड तिरकी होती. एसी बसवणाऱ्याने घाईत केलेली. बसवणारे आम्हीच होतो.

हे स्प्लिटचं दुखणं. विंडो एसीच्या सगळ्या नळ्या कारखान्यातच जोडून येतात. स्प्लिटचे शेवटचे चार जोड घरात, स्टुलावर उभं राहून केले जातात. ते चार जोड नीट असतील तर एसी वर्षानुवर्षं गॅस मागत नाही.

त्यानंतर व्हॅक्यूम पंप आणि नायट्रोजनचा सिलिंडर घेतला. त्या पैशांत सेकंड हँड स्कूटर आली असती, हे सौ.ने त्या वर्षी बऱ्याच वेळा ऐकवलं. आधी नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधायची, ती बंद करायची, मग पंपाने लाइन पूर्ण रिकामी करायची, कारण आत राहिलेली हवा आणि ओल कॉम्प्रेसर खाते. गॅस त्यानंतर. अर्ध्या तासाचं काम तीन तासांवर गेलं, बिलही वाढलं. शेजारचा माणूस निम्म्या पैशांत नुसता गॅस भरून देत होता. दोन उन्हाळे आमचे फोन कमी झाले. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यातले काही परत आले, काही आलेच नाहीत.

नाल्याचं म्हणाल तर तिथे माझीही मात्रा चालत नाही. नाल्यालगतच्या इमारतींत एसीतली तांब्याच्या नळ्यांची कॉइल काळी पडते. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड, घरातली चांदीची भांडी काळी करतो तोच. कॉइलला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. एक डाखलं की सहा महिन्यांत शेजारी दुसरं. अशी कॉइल दोनदा डाखायची नाही, बदलायची, असा आमचा नियम आहे. नाल्याकडच्या बाजूला लावलेल्या आउटडोअरच्या कॉइलची गॅरंटी आम्ही देत नाही. लोक रागावतात. दुकानात काळ्या पडलेल्या कॉइलचा एक तुकडा ठेवलाय, तो हातात देतो.

२०१०पासून एसीवर स्टार लेबल सक्तीचं झालं, मग इन्व्हर्टर आले, मग आर-३२ हा नवा गॅस. माझं निम्मं ज्ञान भंगारात गेलं. आर-३२चा दाब आर-२२च्या दीडपटीहून जास्त. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे काटा बघून गॅस भरणं म्हणजे अंदाजपंचे. आउटडोअरच्या पट्टीवर किती ग्रॅम ते छापलेलं असतं, तेवढाच वजनकाट्यावर मोजून भरायचा. शिवाय हा गॅस थोडा का होईना, पेट घेतो. आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलाने लाइन नीट रिकामी न करता नळ्या जोडायचा गॅसचा टॉर्च लावला. भडका उडाला, भुवया जळल्या, डोळे वाचले. तेव्हापासून नायट्रोजन फिरवल्याशिवाय आमच्याकडे कुणी टॉर्च पेटवत नाही, आणि पट्टा बांधल्याशिवाय कुणी खिडकीबाहेर पाय टाकत नाही.

२०२०चा सीझन लॉकडाऊनमध्ये गेला. त्याबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय.

त्याच सुमारास सौ.ने फोन हातात घेतला आणि धंद्याला खरा हिशेब आला. ती आधी विचारते : रिमोटवर बर्फाचं चिन्ह आहे की पंख्याचं? फिल्टर शेवटचा कधी धुतला? बाहेरचा पंखा फिरतोय का? फिल्टर धुळीने गच्च असेल तर आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, आणि तो वितळला की पाणी सोफ्यावर. ती म्हणते, कूलिंग बंद करून एसीचा नुसता फॅन दोन तास चालवा, फिल्टर नळाखाली धुवा, मग सांगा. कितीतरी जणांचा पुन्हा फोनच येत नाही. मी तक्रार केली की तुझ्यामुळे व्हिजिटचे पैसे बुडतात. तिने वही दाखवली : तेच लोक मार्चमध्ये सर्व्हिसिंगला आमच्याकडे येतात. बाहेरचा पंखा फिरत नसेल तर बहुतेक वेळा कॅपॅसिटर गेलेला असतो, दोन-चारशेंची वस्तू. त्याच तक्रारीला ‘पीसीबी गेला’, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट गेलं, म्हणून हजारो रुपये सांगणारे आहेत. नवा एसी चालू केला की २४च का दाखवतो, हेही तिला विचारतात. जानेवारी २०२०पासूनचा तो नियम आहे, बिघाड नाही.

आता आम्ही पाच जण आहोत. आर-२२वर चालणारे नवे एसी २०२५पासून बनवायचे बंद झाले, पण जुने अजून घरोघरी आहेत, त्यांचीही कामं घेतो. बाईंचा तो एसी त्यातलाच होता. २००८नंतर आठ वर्षं चालला, वहीत ‘गॅस’ पुन्हा लिहिलं गेलं नाही. नवा घेताना त्यांनी बसवायला आम्हालाच बोलावलं आणि चारही जोडांना फेस लावून दाखव म्हणाल्या. दाखवला.

सर्व्हिसिंग करायचं असेल तर फेब्रुवारीतच फोन करा. मे महिन्यात चार दिवस थांबावं लागेल, ओळख कितीही जुनी असली तरी.